माइक बंद झाल्यावरचं गाणं

त्रास कधीपासून आहे, असं कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा बायकोच्या आधी मीच उत्तर दिलं. म्हणालो, परवापासून. खरं म्हणजे दुसरा आठवडा संपत आला होता. मला लाज वाटली म्हणून मी खोटं बोललो, आणि पुढे वर्षभर त्या खोट्याच्या आड बसून राहिलो.

डॉक्टर तरुण होत्या. माझं ऐकून त्यांचा चेहरा खुलला. बायकोकडे वळून, तिला ओठ दिसावेत म्हणून सावकाश, त्या म्हणाल्या, “वेळेवर आणलं हो तुम्हाला यांनी. लोक महिना महिना घालवतात.” बायकोला ते कळलं. मी काय सांगितलं ते मात्र तिला ऐकू आलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली. तेव्हाच बोलायला हवं होतं.

तिचा उजवा कान लहानपणीच गेलेला. कान फुटून वाहायचा, घरच्यांनी दुर्लक्ष केलं. लग्न ठरताना सासऱ्यांनी हे आम्हाला उघड सांगितलं होतं. म्हणजे जे काही होतं ते डाव्या कानावर होतं, आणि ते मला पंचवीस वर्षांपासून माहीत होतं.

आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक बाग आहे. तिथे कडुनिंबांच्या मधोमध दगडी पायऱ्यांचं उघडं नाट्यगृह आहे. दर मे महिन्यात इथली काही हौशी मंडळी तिथे गाण्यांचं नवं नाटक करतात. गोष्ट त्यांची, गाणी त्यांची, चालीही त्यांच्याच. रोज एक असे अठरा-वीस प्रयोग होतात आणि ते नाटक संपतं, पुढच्या वर्षी दुसरं. आठच्या आधी सुरू करता येत नाही, कारण टँकरनं पाणी मारलं तरी दगड तापलेलेच असतात आणि सतरंजीतून चटका लागतो. दहाला माइक बंद करावाच लागतो. नाटक काही दहाला संपत नाही. त्यामुळे शेवटचं गाणं नेहमी माइकशिवाय होतं. दोन्ही बाजूंचे मोठे कूलर बंद करतात, मागचे लोक सतरंज्या ओढत पुढे येतात, शेंगदाणे खाणारेही थांबतात. त्या एका गाण्यासाठी दोनतीनशे माणसं इतकी गप्प बसतात की कुणाच्या बांगड्या वाजल्या तरी माना वळतात.

बायको एकही प्रयोग चुकवत नसे. तिसऱ्या-चौथ्या प्रयोगापर्यंत सगळी गाणी तिला पाठ. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवावं तर कूलरची घरघरच जास्त यायची. तिला त्याची गरजही नव्हती. मग वर्षभर ती गाणी आमच्या घरात. कणीक मळताना एक, कपडे वाळत घालताना दुसरं. एकदा त्या मंडळींचा पेटीवालाच आमच्या घरी आला. दोन वर्षांपूर्वीच्या एका गाण्याची चाल त्याची त्यालाच आठवत नव्हती. बायकोनं ओट्याशी उभं राहून ती पूर्ण म्हणून दाखवली. तो म्हणाला, “वहिनी, आमची तिजोरी तुमच्याकडं आहे.” ती दिवसभर खुशीत होती. मी मात्र तिच्या या वेडाला कंटाळलो होतो. हिंगण्याच्या कारखान्यातून थकून यायचं आणि रोज तेच नाटक पाहायचं.

मागच्या वर्षी चौथ्या प्रयोगानंतरच्या सकाळी ती उठली आणि डावा कान दाबत म्हणाली, “अहो, कानात कूलर चालू असल्यासारखं वाटून राहिलं.”

मी डबा भरत होतो. म्हटलं, भोंग्याजवळ बसतेस, दुसरं काय होणार, उतरेल दोन दिवसांत. संध्याकाळी कोमट तेलाचे थेंब टाकले. दोन दिवसांनी तिनं पुन्हा दवाखान्याचं काढलं. मी म्हणालो, रविवारी जाऊ. रविवारी म्हणालो, कारखान्यात यंत्रांच्या दुरुस्तीचं काम चालू आहे, ते होऊ दे. काम खरंच चालू होतं. पण दोन तासांची सुटी मिळाली नसती असं नाही. उन्हात गाडी काढायची, नंबर लावून बसायचं, याचाच आळस होता. आणि आणखी एक सांगतो, जे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मनातून मला थोडं बरं वाटलं होतं, की आता तरी ही रोज बागेत जायचं सोडेल.

तिनं सोडलं नाही. उरलेल्या प्रयोगांना ती रोज थोडी पुढच्या पायरीवर बसायची. मी ते पाहत होतो. का पुढे सरकतेस, असं एकदाही विचारलं नाही.

शेवटच्या प्रयोगाला दहा वाजले, माइक बंद झाला, कूलर थांबले. समोर उभ्या पोरीपोरांनी गायला सुरुवात केली. बायको त्यांच्याकडे पाहत होती. मग माझी बाही ओढून, आपला आवाज किती मोठा निघतो आहे हे न कळून, सगळ्यांच्या देखत तिनं विचारलं, “गाणं सुरू झालं का हो?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही दारात होतो.

मग जे सुरू झालं त्यात मी माणसात नव्हतो. गोळ्या झाल्या. कानाच्या पडद्यातून आत सुई टाकून इंजेक्शनं झाली. तेव्हा ती माझ्या शर्टाचं टोक मुठीत धरून पडून राहायची. फरक पडेना. दुसरा डॉक्टर, मग तिसरा. प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच, कधीपासून. पहिल्या कागदावर जे लिहिलं गेलं होतं तेच मला पुढे सांगावं लागलं, आणि सांगता सांगता जीभ अडखळेनाशी झाली. एकानं मला बाजूला घेऊन समजावलं की या दुखण्यात पहिले काही दिवस महत्त्वाचे असतात, तुम्ही तर लगेच आलात, तरी काही जणांना गुण येत नाही, मनाला लावून घेऊ नका. मी त्याच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या कानाकडे बघत उभा राहिलो.

कुणीतरी कन्हानच्या एका झाडपाल्यावाल्याचं नाव सांगितलं. मी तिला तिथेही नेलं, भर दुपारी, तोंडाला ओला दुपट्टा बांधून. त्यानं कसलासा रस कानात पिळला. तिला चक्कर आली. येताना नदीच्या पुलावर मी गाडी थांबवली. खाली पाण्याची एक बारीक धार तेवढी उरली होती. ती कठड्याला धरून उभी राहिली आणि एकदम म्हणाली, “तुम्ही किती फिरून राहिले माझ्यापायी. मीच रोज जायचा हट्ट केला, भोंग्यापाशी बसली. माझंच चुकलं.”

मी तिला पाण्याची बाटली दिली. चल, ऊन वाढतंय, अशी खूण केली. दोन आठवड्यांचा उशीर मी केला, पण त्या पुलावर गप्प राहिलो हे त्याहून वाईट.

नंतर कानात घालायचं यंत्र आलं. समोर तोंड करून बोललं की तिला बरंचसं कळतं. गाणं मात्र तिच्या मते पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू येतं. तिनं एकदा रेडिओ लावून पाहिला आणि कपाटात ठेवून दिला. पण स्वतः म्हणणं थांबवलं नाही. जुनी गाणी तिला तोंडपाठ होती, ती ओट्याशी म्हणत राहिली. दिवाळीच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की चाल सरकते आहे. आधी एका ओळीत, मग अख्ख्या कडव्यात. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण ही गाणी मी वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून ऐकली होती. ती तन्मय होऊन गायची आणि सूर भलतीकडेच जायचा. पेटीवाल्याच्या गाण्याचंही तेच झालं. ती चाल आता तिच्याकडेही उरली नाही. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसायचो आणि ती थांबावी असं वाटायचं, आणि थांबली की तेही सहन व्हायचं नाही.

पाहुणे येत. ती प्रत्येकाला सांगे, “यायनंच नेलं हो मले दवाखान्यात. डॉक्टरीणबाई खुद्द म्हणे, वेळेवर आणलं.” मी पाणी आणायला आत जायचो.

यंदा मे महिन्यात बागेच्या फाटकावर नव्या नाटकाचा फलक लागला. ती म्हणाली, जाऊ. मी म्हणालो, काहून उगाच? तुला त्रास होईल. “मी बघीन,” ती म्हणाली. “तुम्ही ऐका.”

सतरंजी घेऊन आम्ही गेलो. एका टँकरवाल्याच्या आणि विहिरीच्या भांडणाची गोष्ट होती. लोक हसत होते आणि बायको त्यांच्याकडे पाहून थोडी उशिरा हसत होती. गाणं आलं की ती मांडीवर बोटांनी ठेका धरून पाहायची, नाचणाऱ्यांच्या पायांवरून. तो चुकायचा, ती पुन्हा धरायची. मला समोरचं दिसेनासं झालं.

दहा वाजले. माइक बंद, कूलर बंद. लोक पुढे सरकले तसे आम्हीही सरकलो. विहीर झालेली मुलगी एकटीच गाऊ लागली. बायको तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. मग माझ्याकडे वळून हसत म्हणाली, “मागच्या साली मी हट्ट नसता केला, तर हे ऐकू आलं असतं.”

मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच बोललो. तिला काही कळलं नाही. “काय म्हणता? इकडं तोंड करा.” मी समोर तोंड करून पुन्हा बोललो, तरी आवाज दबकाच निघाला, कारण आजूबाजूला सगळे गप्प होते. तिनं मान हलवली. यंत्रावर बोट ठेवून म्हणाली, “मोठ्यानं बोला ना.”

पुढच्या पायरीवरच्या दोन बायका वळून पाहू लागल्या होत्या. ती मुलगी गात होती. मी बायकोचे दोन्ही हात धरले आणि मोठ्यानं बोललो.

“तुझ्या हट्टानं नाही गेला वं तुझा कान. तू दवाखान्यात चला म्हणत होती अन् मी तुले दोन आठवडे नेलं नाही. डॉक्टरले परवापासून म्हणून खोटं सांगितलं. वर्षभर तू सोतालेच दोष देत राहिली अन् मी ऐकून घेतलं. चूक माझी आहे, तुझी नाही. मले माफ कर.”