कॅमेरा ठेवायच्या तीन जागा

शेजारणीचा हात माझ्या हातातून निसटला आणि मातीचा ढासळता ढीग तिच्या डोक्यावरून गेला. त्याआधीच ती कमरेपर्यंत पुरली होती. डिचोलीजवळच्या खाणीवर आम्ही बायका घमेल्यांनी माती वाहायचो, तेव्हाची गोष्ट. मी लगेच हात दिला होता, असं सगळ्यांना सांगत आले.

आता तिची नात सिनेमा करते. यंदा तिने मला त्या बंद खाणीवर नेलं, माझ्या डोक्यावर भरलेलं घमेलं ठेवलं आणि स्वतः खड्ड्यात उतरली. “आजी, झालं तसं करून दाखव.” कॅमेरा अगदी माझ्या हातांपाशी.

नंतर तिने ते दाखवलं. एवढाले हात! नखांतली माती दिसत होती. त्या हातांनी आधी घमेलं नीट खाली ठेवलं आणि मग पुढे झाले. घमेलं आपटलं की मुकादम आईबापांवरून शिव्या द्यायचा. हातांना तीच सवय.

“काढून टाक ते,” मी म्हटलं.

“नाही गो आजी. खरं आहे ना?”

“मग मीच मारलं म्हणतील तुझ्या आजीला.”

“तेवढंच दाखवलं तर म्हणतील.”

ती समोरच्या टेकडीवर चढली आणि तिथून मला पुन्हा कॅमेऱ्यात घेतलं. त्यात मी मुंगीएवढी, बाकी सगळा खणलेला डोंगर. “हे नुसतं ठेवलं तर वाटेल, दैवानेच केलं,” ती म्हणाली. मग चांगल्या कपड्यांनिशी लाल चिखलात उताणी झोपली आणि कॅमेरा खालून ढिगाकडे धरला. ढीग अजून तिथेच आहे. तो अंगावर येतोय असं वाटून मी मागे सरले. एवढा उंच रचला कोणी, हे कोणीही विचारील.

सिनेमात तिने तिन्ही दृश्यं ठेवली. माझा हात लपवला नाही आणि सगळं माझ्यावर ढकललंही नाही. मी चौथी शिकलेली, पण कामातली अक्कल मला कळते. या पोरीला ती आहे.

पेडण्यात सिनेमा दाखवला, तेव्हा शेजारणीचा मुलगा माझ्या बाजूच्या खुर्चीवर होता.

“काकी, आधी घमेलं ठेवलंस?”

“ठेवलं.”

तो उठून गेला नाही. शेवटपर्यंत बसला.

त्या दिवशी तिच्यामागोमाग ढीग माझ्याही अंगावर आला; त्याखाली आम्ही चौघी सापडलो. जिवंत निघाले ती मी एकटी.