आमच्या फ्रिजचा खालचा कप्पा

आमच्या बिल्डिंगमध्ये मटण कुणीच खात नाही. म्हणजे, खातो असं कुणी सांगत नाही! नाशिकला इंदिरानगरात आम्ही भाड्यानं राहतो आणि नॉनव्हेज उघडपणे ठेवणारा फ्रिज एकट्या आमचा. त्यामुळे सगळ्यांचे डबे आमच्याकडे येतात, आणि डब्यांमागून किस्से.

माझी बायको सुजाता या बाबतीत कडक. कच्चं मटण-चिकन झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खालच्या कप्प्यात. शिजवलेलं वर. वरच्या मजल्यावरचे बापू मूळचे चांदवडचे. त्यांनी एकदा चिकनची गळकी पिशवी थेट दह्याच्या वर ठेवली.

"बापू, चिकनचं पाणी दह्यात पडतंय!"

"वहिनी, दही बी आपलं, चिकन बी आपलं. भांडण कशाला?"

अख्खं दही मोरीत ओतावं लागलं.

* * *

शेजारच्या काकू फ्रीजरमधलं मटण घेऊन गेल्या आणि बर्फ सुटायला खाली मीटरच्या खोलीत ठेवून आल्या. भर मे महिन्यात! सुजाता पळत जाऊन ते घेऊन आली.

"काकू, आदल्या रात्री फ्रिजमध्येच खाली काढून ठेवायचं. उन्हाळ्यात बाहेर खराब होतं."

"मला कळतं गं. पण सासूबाई कधी झोपतील हे आदल्या रात्री कसं कळणार?"

* * *

गटारीला तर कहर. फ्रिज इतका कोंबला की गारच होईना. "हवा फिरायला जागा हवी, काहीतरी काढा," सुजाता म्हणाली. आपला डबा कोण काढणार? शेवटी आमचीच मेथी आणि कोथिंबीर बाहेर निघाली, आणि चेअरमनसाहेबांच्या शुद्ध शाकाहारी फ्रिजमध्ये मुक्कामाला गेली!

श्रावण संपल्यावर बापू हजर. "वहिनी, माझं चिकन? खालच्या कप्प्यात ठेवलं होतं."

"ते केव्हाच फेकलं. कच्चं चिकन तिथं फार तर दोन दिवस टिकतं. श्रावण तुम्ही पाळलात बापू, चिकननं नाही!"

* * *

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग चेअरमननी मीटिंग बोलावली. ठराव एकच : नॉनव्हेज ठेवणाऱ्या भाडेकरूनं घर खाली करावं. सुजाताची शाळा दोन गल्ल्या सोडून, मुलीची दहावी तोंडावर. आता कुठे घर शोधायचं?

"ठरावाच्या बाजूनं हात वर करा!"

बापूंचा हात वर. काकूंचा वर. मला मनस्वी संताप आला.

सुजाता शांतपणे उठली. "हरकत नाही. फ्रिज आत्ताच रिकामा करते. ज्याचा त्याचा डबा नाव घेऊन इथंच आणून देते."

एकेक हात खाली आला. कुणी डोकं खाजवलं, कुणी पदर सारखा केला. चेअरमनसाहेबांचा एकट्याचा हात तेवढा ताठ वर होता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून त्यांच्या मातोश्री म्हणाल्या, "सुजाता, माझी कलेजी कालची आहे गं. ती आधी आण!"