कौसल्यामावशीचे हवाबंद डबे

कौसल्यामावशीची आणि माझी पहिली भेट नागपुरात नंदनवनहून निघणाऱ्या सिटी बसमध्ये झाली. शिक्षिकेच्या नोकरीचा माझा पहिलाच दिवस होता आणि मी पांढरीशुभ्र साडी नेसले होते. शेजारी बसलेल्या चाळिशीच्या बाईने काही न विचारता माझ्या मांडीवर एक प्लास्टिकचा डबा उलटा ठेवला.

"भिवापुरी तिखट हाय आत," ती म्हणाली. "हालू नको."

मी हालले नाही. श्वाससुद्धा जपून घेतला. बसमधल्या साऱ्या बायका माझ्या मांडीकडे बघत होत्या. एका खड्ड्यात बस उसळली, मी डोळे मिटले, पण साडीवर तिखटाचा कण पडला नाही. सीताबर्डीला उतरेपर्यंत त्या बाईचे तीन डबे खपले होते.

"तुह्या तोंडावरची भीती लय कामाची हाय," तिने मला शाबासकी दिली. "उद्या बी हेच लुगडं नेसजो."

ती आमच्याच मागच्या गल्लीत राहायची. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचे हवाबंद डबे विकायची. हे डबे दुकानात मिळत नसत. विकणाऱ्या बाईने आपल्या घरी पंधरा-वीस बायका बोलवायच्या, चहा पाजायचा आणि डबे दाखवायचे, अशी कंपनीची रीत होती. मावशीची अडचण अशी की तिचे घर म्हणजे एक खोली, आणि खोलीत मधोमध पलंग. पलंगावर देवरावजी, म्हणजे तिचे यजमान. ते गिरणीत कायमचे रातपाळीला. सकाळी सातला येऊन झोपायचे ते चारला उठायचे. त्या वेळात घरात चमचा पडला तरी मावशीचा जीव वरखाली व्हायचा.

म्हणून तिने सारे नागपूरच आपली बैठकीची खोली करून टाकले. बसमध्ये विकायची, रॉकेलच्या रांगेत विकायची. "घरी बोलावलेली बाई चहा पिते अन् निंगून जाते," ती सांगायची. "रांगेतली बाई जाईन कुठं?"

तिची सगळ्यांत नामी युक्ती वेगळीच होती. वस्तीत नवे बिऱ्हाड आले की हवाबंद डब्यात कोथिंबिरीच्या सांबारवड्या भरून पाठवायची आणि डबा मागायला जायचीच नाही. महिना उलटला की जायची. तोवर त्या डब्यात त्या घरची साखर बसलेली असे. मावशी डबा परत मागे आणि ती बाई डबा पोटाशी धरून उभी राही. शिवाय ज्या डबा परत करत त्याही रिकामा देत नसल्यामुळे कुठून करंज्या यायच्या, कुठून शेव. "मह्या घरवालीनं कालपासून चूल पेटवली नाही," देवरावजी मला एकदा म्हणाले, "अन् मी तीन घरचं जेवून राहिलो."

दवाखान्यात मात्र ती पिशवी उघडत नसे. "दुखणाऱ्या माणसाले काही विकाचं नाही," असा तिचा कायदा होता.

तिच्या मुलीचे नर्सिंगचे शिक्षण त्या डब्यांवर चालले होते. म्हणून पुण्याचे लेले साहेब आले तेव्हा मी मनातून घाबरले. भर मे महिन्यात टाय बांधलेला तो गृहस्थ कंपनीचा तपासनीस होता. "बाई, तुमची विक्री उत्तम आहे," ते म्हणाले, "पण घरच्या मेळाव्याची एकही नोंद नाही. नियम म्हणजे नियम. मंगळवारी अकराला मी येतो. मेळावा दिसला नाही तर एजन्सी बंद."

मंगळवारी मावशीने मेळावा भरवला. आम्ही बारा जणी पलंगाच्या चारी बाजूंनी जमिनीवर बसलो. माश्या फार म्हणून देवरावजी डोक्यावरून पांढरी चादर घेऊन झोपलेले. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढे रोजच्यासारखी अगरबत्ती चालू होती. बोलायची सोय नव्हती, त्यामुळे मावशी डब्याचे झाकण नुसत्या खुणांनी लावून दाखवत होती. आम्ही हसू दाबायला तोंडाला पदर लावले होते.

लेले साहेब दारात आले आणि थबकले. त्यांनी चादर पाहिली, अगरबत्ती पाहिली, आमचे पदर पाहिले. हळूच बूट काढले, आत येऊन देवरावजींच्या पायाशी वाकले आणि हात जोडले.

"कधी?" त्यांनी कुजबुजत विचारले.

"सकाळी सातले," मावशी तितक्याच हळू म्हणाली.

"अचानक?"

"नाही, साहेब. ड्यूटीवरून आले, अन् पडले तसेच."

साहेबांनी पुन्हा हात जोडले. "आणि तरीही तुम्ही आज मेळावा..." ते उलट्या पावली बाहेर गेले. मावशीला वाटले, साहेब फार सभ्य आहेत, झोपलेल्या माणसाला इतका मान देतात.

पंधरा दिवसांनी कंपनीचे पत्र आले. ते मीच वाचून दाखवले. पतिनिधनाबद्दल कंपनीला तीव्र दुःख झाले होते, आणि कौसल्याबाईंना घरच्या मेळाव्यातून कायमची सूट मिळाली होती.

मावशीने ते पुन्हा एकदा वाचायला लावले. तिला जे हवे होते तेच कागदावर आले होते. देवरावजी पत्र हातात घेऊन खूश. "राहू दे नं," ते म्हणाले. "मले काय फरक पडते? मी तसाही दिवसभर कोणाले दिसत नाही."

"मले पडते!" मावशी कडाडली. "मास्तरीणबाई, लिहा. मालक जिते हायेत."

मी लिहिले. आयुष्यात मी पुष्कळ अर्ज लिहिले, पण 'माझे पती जिवंत आहेत, तरी कृपया नोंद घ्यावी' असा एकच. कंपनीने नोंद घेतली. सूट रद्द झाली आणि पुढच्याच महिन्यात एजन्सीही गेली.

नमुन्यांची पेटी परत न्यायला लेले साहेब स्वतः आले. त्यांनाही वरून बोलणी बसली होती. "बाई," ते कळवळून म्हणाले, "गप्प राहिला असता तर काय बिघडलं असतं?"

"साहेब, तो माणूस दिवसा झोपते म्हणून मी त्याले मारू काय गा?"

साहेबांनी पेटी उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि मावशीने दिलेला चहा घेतला.

पुढच्या आठवड्यात मावशी इतवारीतून साधे स्टीलचे डबे घेऊन आली. बायकांनी तेही घेतले. कंपनीचे नाव त्यांच्यातल्या कोणीच कधी विचारले नव्हते.

मुलीला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा दोघे नवराबायको तिकडे जायला निघाले. सामानाचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. मावशी निरोप घ्यायला आली. मी विचारले, "मावशी, खरं सांग, तू इतकं विकलंस कसं गं?"

"मी कुठं विकलं वं? मी फक्त विचारायची, बाई, तुह्या घरी काय सांडते? कोणी म्हणे पीठ, कोणी म्हणे तेल. अन् मंग बाई सांगतच राहे. पिठाचं दोन मिनिटात सरे, बाकीचं मी आयकत बसायची."

ती उठता उठता पुन्हा बसली. वडील गेल्यापासून मी घरात एकटीच होते.

"तुले कधी विचारलंच नाही मी," ती म्हणाली. "तुह्या घरी काय सांडते?"

मी बोलू लागले. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. मावशी उठली नाही.