शेठनी उघडलेली पहिली फाइल

अंबडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये दसऱ्याला लेथला हार, ड्रिलला हार, आणि मी सांभाळते त्या लिनक्सच्या कॉम्प्युटरलाही हार. झेंडूच्या पाकळ्या कीबोर्डच्या फटींतून उपसण्यात माझी दुसऱ्या दिवशीची सकाळ जाते. देवाबद्दल माझी तक्रार नाही, पाकळ्यांबद्दल आहे.

यंदा तेवढीही सवड मिळाली नाही. ह्याच कॉम्प्युटरवरून मशीनना प्रोग्रॅम जातात, आणि सकाळपासून एकही जाईना. मशीन हार घालून नुसत्या उभ्या. शेठनी चौकशीआधीच निकाल दिला: पेठकडच्या खेड्यातून आलेल्या नव्या ऑपरेटरनेच काहीतरी दाबलं असणार.

"ताई, ह्याला आजच घरी पाठवा."

तो डब्याची पिशवी खांद्याला लावून, खाली मान घालून उभा होता. माझं डोकंच फिरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

"आधी बघते तरी, शेठ," म्हटलं आणि टाइप केलं:

find . -type f -mtime -1

म्हणजे, ह्या फोल्डरमधल्या कुठल्या फाइली गेल्या चोवीस तासांत बदलल्या, तेवढं सांग. आमच्याकडे फाइलींचा नुसता ढीग. एकेक उघडत बसले असते तर दिवाळी उजाडली असती. काल तर काम बंद, त्यामुळे एकही नाव यायला नको होतं. एक आलं. सेटिंगची फाइल, बदललेली ऐन पूजेच्या वेळी. उघडली, तर सगळ्यात वर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं: shree.

शेठ चष्मा सावरत जवळ आले. "पहिल्या पानावर श्री लिहायचंच असतं ना, ताई? मी आपली पहिली दिसली ती फाइल उघडली."

मला हसू आवरेना. कॉम्प्युटरला न कळणारी ती ओळ पुसली, कॉम्प्युटरने प्रोग्रॅम पाठवले आणि मशीन सुरू झाल्या. मग आठवलं, पूजेत आरतीचं ताट धरून शेठच्या शेजारी हा ऑपरेटरच तर उभा होता.

"अरे, तू बघितलं होतंस ना? मग बोलला का नाहीस?"

त्याने माझ्याकडे नाही, शेठकडे बघितलं.

"सांगितलं असतं, त मानलं असतं का, शेठ?"

त्याच्या खांद्यावरची डब्याची पिशवी शेठनी स्वतः उतरवली आणि खुंटीला अडकवली.