राजीखुशीची सही

भावजयीनं माझ्या मांडीवर साडी टाकली. दिली नाही, टाकली. भडगावच्या रजिस्ट्री कचेरीच्या व्हरांड्यात, माणसांनी भरलेल्या बाकावर मी बसले होते. म्हणाली, "घ्या अक्का, तुमचं माहेर."

बाकावरची माणसं हसली. टाइपरायटर बडवणारा दस्तलेखकही हसला. त्यांचं काय जातं हसायला! आमच्याकडे ही रीतच. बाप मेला की भाऊ बहिणीला कचेरीत आणतो. ती हक्कसोडपत्रावर सही करते, म्हणजे बापाच्या घरातला आपला वाटा सोडते. भाऊ तिला साडी घेतो. मग चहा-भजी होतात आणि बहीण एसटीत बसून सासरी जाते. सगळ्या बहिणी करतात. मला मात्र एसटीत बसून जायला सासर नव्हतं.

नवऱ्यानं धुळ्यात दुसरी बाई घरात आणली आणि मला कडेवरच्या पोरीसकट बाहेर काढलं. तेव्हापासून मी आबांच्या घराच्या मागच्या खोलीत राहत होते. आबा म्हणजे माझा बाप. सोनगीरकडं हायवेच्या कामावर डांबर टाकून टाकून पाय भाजून घेतले त्या माणसानं, आणि उतारवयात भडगावात दोन खणांचं पक्कं घर बांधलं. विटा मी वाहिल्या. विलास, माझा धाकटा भाऊ, तेव्हा धुळ्यात वकिली शिकत होता.

त्याच्यासाठी माझी शाळा सातवीत सुटली. सुटली कसली, सोडवली. दोघांना शिकवायची ऐपत नव्हती, आणि मी पोरगी. मी कापूस वेचायला गेले. खरं सांगते, त्याचं मला काही वाटलं नाही. विलासनं काळा कोट घातला त्या दिवशी मी गल्लीभर साखर वाटली. आपल्या समाजातला वकील! जयंतीला विहारासमोर तो बाईच्या हक्कावर बोलायचा, तेव्हा मी शेजारणीला कोपरानं ढोसायचे. बघ, माझा भाऊ!

माझी पोटगीची केसही त्यानंच चालवली, धुळ्याच्या कोर्टात. आदल्या दिवशी मला समोर बसवून त्यानं एक वाक्य पाठ करून घेतलं. "मला स्वतःचं घरदार नाही, जमीनजुमला नाही, मी बापाच्या आसऱ्याला आहे." मी अडखळले की म्हणायचा, "पुन्हा म्हण, अक्का. घाबरू नको, मी आहे ना." दुसऱ्या दिवशी शपथ घेऊन मी ते घडाघडा म्हटलं. पोटगी लागू झाली. मोठी असून मी त्याच्या पाया पडायला वाकले. त्यानं माझे हात धरले, आणि आम्ही दोघंही रडलो.

मग आबा गेले. घर स्टँडच्या रस्त्याला लागून. विलासला तिथं दुकानांचे गाळे काढायचे होते. मागची खोलीही त्यात पाडायची होती. मी विचारलं, "मग मी आणि पोरगी कुठं जायचं?" म्हणाला, "बघू ना अक्का. तुला मी उघड्यावर टाकीन का?" बघू! सगळ्या जगाचं कागदावर लिहून घेणारा माणूस, बहीण कुठं राहील ते तेवढं लिहीना.

तर त्या व्हरांड्यात मी साडीला हात लावला नाही. माय शेजारी बसली होती. तिचा अंगठा आधीच घेतलेला, शाई अजून ओली होती. ती हळूच म्हणाली, "करी दे बेटा सही. भाऊ शे तुना."

मी म्हटलं, "माय, मी सही करस नही."

ते विलासनं ऐकलं. मला खांबाआड नेलं. आवाज चढवला नाही. कोर्टात बोलतो तसा सावकाश बोलला. "अक्का, तू शपथेवर सांगितलंयस, मला घरदार नाही. आता ह्या घरात हिस्सा आहे म्हणालीस तर ती खोटी शपथ ठरते. पोटगी जाईल आणि तू आत जाशील. पोरीला कोण सांभाळणार?"

 त्यानं पढवलेलं वाक्य, आणि त्यातच त्यानं मला पकडलं! मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. ह्याला मी काखेत घेऊन गिरणेवर धुणं धुवायला जायचे. तो घड्याळ बघत होता.

मी आत गेले. हो, गेले. भ्याले होते. टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "सही राजीखुशीनं करताय ना, बाई?" दिवसभर येईल त्याला हेच विचारत असतील. पेन माझ्या हातात. टोपण काढलं नव्हतं. तेवढ्यात विलास हसून म्हणाला, "अडाणी आहे साहेब. बावरते. मी सांगतो ना, राजीखुशीनंच आहे."

अडाणी.

डोक्यात सणक गेली माझ्या. अरे, वर्गात पहिली यायचे मी! माझं दप्तर काढून तुझ्या खांद्याला अडकवलं ह्या घरानं, आणि अडाणी मी? पेन मी टेबलावर ठेवलं.

"नाही साहेब. राजीखुशीनं नाही. हा मला जेलची भीती घालतोय. मी सही करत नाही."

साहेबांनी मान वर केली. आधी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. कागद बाजूला सारले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. बाहेर माय कपाळ बडवायला लागली. भावजयीनं माझ्या मांडीवरून घसरलेली साडी उचलली, घडी नीट केली आणि पिशवीत घातली. विलास मला म्हणाला, "आजपासून तू मला मेलीस." आणि माझ्या मायला घेऊन निघून गेला.

लोकांना वाटतं, बाई मोठी धीट. कसली धीट! मला खरंच वाटलं होतं की आता पोलीस येणार. गल्लीत खाकी कपड्यातला पोस्टमन दिसला तरी मी दार लावून घ्यायचे. मला नेलं तर पोरीला ठेवून घ्या, असं शेजारणीला सांगूनही ठेवलं होतं. शेवटी ती धाकधूक सोसवेना, तेव्हा जळगावला गेले. तिथं बायकांना फुकट सल्ला देणाऱ्या एक वकीलबाई बसायच्या. मी आपला गुन्हा कबूल करावा तसं त्यांना सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "शपथ घेतली तेव्हा वडील होते?"

"होते."

"मग घर कुणाचं होतं?"

"आबांचं."

"मग तुम्ही खोटं काय बोललात? तुमचा हिस्सा वडील गेल्यावर आला. फार तर नवरा म्हणेल, पोटगी कमी करा. जेल कसली?"

मी त्यांच्या टेबलापुढं बसून हमसून हमसून रडले. त्यांना वाटलं, सुटले म्हणून रडते. तसं नव्हतं. एवढी साधी गोष्ट विलासला माहीत नव्हती? बायकांच्या केसेसवरच त्याचं नाव झालंय! त्याला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून माझ्या पोरीचं नाव घेऊन त्यानं मला भेवाडलं. नवऱ्यानं काढलं ते मी पचवलं, तो परक्याचा पोर. हे पचत नाही. आजही नाही. रात्री आठवलं की अंगाची लाहीलाही होते.

मी वाटणीचा दावा लावला. कोर्टात विचारलं, "प्रतिवादी तुमचे कोण?" मी मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सख्खा भाऊ." विलास खाली बघत होता.

तारखा पडतायत. मी आणि पोरगी अजून मागच्या खोलीतच आहोत. माय त्याच्याकडं राहते, माझ्याशी बोलत नाही. समाजातली माणसं मलाच सुनावतात. आपल्यातला एक पोरगा वर आला, त्याला तू कोर्टात खेचलंस! मी विचारते, तो वर आला तेव्हा खाली कोण होतं? 

परवा नाना आले. आबांचे चुलतभाऊ. म्हातारा माणूस, उन्हातून चालत आलेला. म्हणाले, "पोरी, दावा काढून घे. विलास मागची खोली तुला द्यायला तयार आहे."

मी नानांना पाणी दिलं. त्यांचं पिऊन होऊ दिलं. मग म्हटलं, "नाना, त्याला सांगा, देतो म्हणू नको. देणारा तो कोण? त्या घरात जेवढा तो, तेवढी मी. माझा वाटा मी त्याच्यासमोर उभी राहून कोर्टातून घेईन. आणि हेही सांगा, मी मेले तरी दावा मरत नाही. माझ्या जागी माझी पोर उभी राहील."