विकराच्या आतली जागा

बाई मूठ अशी वळायच्या की आत पोकळी राहायची. ती मूठ तुमच्या डोळ्यापुढं धरून म्हणायच्या, "आत जागा कशी हाय, ते बघ आधी." मग तुम्ही कॉलेजचे प्राचार्य असा नाहीतर भाजीवाले, डोळा लावावाच लागे.

जालन्यातल्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या. मी त्यांच्या प्रकल्पावरचा कंत्राटी सहायक. विषय सरकीचा. सरकीत काळे ठिपके असतात, त्यांत किडीला न मानवणारा विषारी पदार्थ असतो. लहान वासराला सरकी घालत नाहीत ती त्यामुळंच. कपाशी हा पदार्थ घडवते कशी, हे बाईंचं वेड. तो घडवणाऱ्या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, आत एक खिसा असतो. एक लांब, लवचिक साखळी त्यात शिरते, ठरावीक तऱ्हेनं वळते आणि वळलेलीच बाहेर पडते. ही पहिली पायरी. खिशाचा आकार बदलला तर साखळी निराळी वळेल आणि निराळाच पदार्थ होईल, असा बाईंचा होरा होता. निवृत्तीआधी ते एकदा होताना बघायचं, एवढीच त्यांची इच्छा.

"म्हणजे सोऱ्याची चकती बदलल्यासारखं," मी एकदा शहाणपणा केला.

"बिलकुल न्हाई. सोऱ्यात पीठ रेटावं लागतं. हे आपलं आपण वळून राह्यलं. का वळतं, सांग बरं?"

मग त्यांनीच डबा तसाच ठेवून तासभर सांगितलं. माझाही डबा राहिला, हे त्यांच्या गावी नव्हतं.

कपाशीच्या विकराची रचना तेव्हा आम्हाला कुठं मिळाली नाही. तंबाखूतल्या त्याच्या भावंडाची मिळाली. नवीन जालन्यात स्टेशनजवळच्या नेट कॅफेतून तिच्यातल्या अणूंच्या जागांचे आकडे उतरवून आणले. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून बाईंनी तांब्याची तार आणली आणि टेबलावर खिसा उभा केला. साखळी म्हणून सायकलच्या व्हॉल्व्हची नळी त्यात खुपसत बसायच्या. "हिथं अडतंय बघ. हा मणी बारीक केला की मोकळं होईल."

विकर म्हणजे मण्यांची माळच. एक मणी बदललेलं जनुक मागवायचं, जिवाणूत घालायचं, आणि त्यानं काय बनवलं ते औरंगाबादच्या यंत्रावर तपासून घ्यायचं.

मण्याचा क्रमांक मी लिहून दिला, तंबाखूच्या माळेतला. कपाशीच्या माळेत तोच मणी पाच घरं पुढं होता, हे मी विसरलो. चार महिन्यांनी यंत्राचा आलेख आला, तर त्यावर तेच जुनं शिखर, म्हणजे तोच जुना पदार्थ. चूक सापडली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई हसल्या.

"घराची भाईरून भिंत रंगवली आपण. आतल्याला काय पत्ता? चल, जल्दी दुसरं मागव."

दुसरं जनुक आलं, नमुना औरंगाबादला गेला, आणि तेवढ्यात बाई निवृत्त झाल्या. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नाही. त्या वाटूरला भावाकडं राहायला गेल्या.

आलेख आला तो पुढच्या महिन्यात, मी प्रकल्पाचं दफ्तर आवरून देत होतो तेव्हा. जुन्या शिखराशेजारी एक नवं, उंच शिखर! फाइलला लावायला गेलो तर वरच बाईंचा शेवटचा, पहिला नमुना फसला तेव्हाचा अहवाल: "क्रमांक मोजण्यात माझी चूक झाली." वहीत आमची साधी खाडाखोड खपवून न घेणाऱ्या बाईंनी हे धडधडीत खोटं लिहिलं होतं. खरं लिहिलं असतं तर मी त्याच दिवशी घरी बसलो असतो. मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कागद घेऊन वाटूर गाठलं. "बाई, चूक माझी होती. तुम्ही कशाला..."

"ते ऱ्हाऊ दे." अहवाल त्यांनी बाजूला सारला आणि आलेख उजेडात धरला. किती खूश झाल्या होत्या! मग नव्या शिखरावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे कशाचं हाय?"

यंत्राच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. "माहीत नाही," मी म्हणालो.

"मंग शोध की!"

शोधायला मला दोन वर्षं लागली. हातात दुसरी नोकरी, सवड मिळेल तसं औरंगाबादला जायचं, जाणत्यांना विचारायचं. शेवटी नाव सापडलं. ते कागदावर नीट लिहून वाटूरला गेलो. दार बाईंच्या भावजयीनं उघडलं. बाईंना जाऊन वीस दिवस झाले होते.

"काय काम होतं?" तिनं विचारलं.

"त्यांनी एक विचारलं होतं," मी म्हणालो.