मागून लागलेला गोटा

मैत्रिणींनो, आज दुपारच्या चिठ्ठीत मी लिहिलं की गोटमारीत, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून झेंड्यासाठी होणाऱ्या दगडफेकीत, दादाचं डोकं सावरगाववाल्यांनी फोडलं. ते चुकीचं होतं.

झेंडा सावरगावकडेच राहिला, आपलं पांढुर्णा हरलं. दादा रक्ताने भिजून घरी आला आणि कुऱ्हाड घेऊन निघाला. ताई सावरगावात दिलेली, तिचा नवरा त्यांच्या बाजूने गोटे मारत होता. तो म्हणाला, "जावई असला तरी तोडतो त्याले."

आईने त्याला बसवून जखम धुतली. "बाबू, हे त मागून फुटलं. पाठ दाखवून पळून राहिला होता काय?"

"म्या नाही पळालो."

"मंग गोटा आपल्याच पोरायचा."

दादाने डोक्यामागे हात लावून पाहिलं. आईने त्याच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली.

हरल्यावर मारायला आपल्याला नेहमी समोरचाच का दिसतो? गुरुवारी मी दादाला घेऊन ताईकडे जेवायला जाणार आहे.